सांडपाण्यातली झोप

७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मामीला विचारतोस, म्हणून हे पत्र. शिवाय सांगायचं इतकं आहे की फोनवर माझी धांदल उडेल.

तुला माहीत आहे, मी सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. लग्नकार्यात कुणी विचारलं की आई घाईघाईने सांगते, "पाण्याच्या खात्यात आहे." आजवर मी पाण्यातला गाळ, साबण आणि जंतू मोजत होते. नोव्हेंबरात नवं यंत्र आलं आणि माझं आयुष्यच पालटलं. माणसाच्या पोटात गेलेलं प्रत्येक औषध शरीर मोडतं आणि त्याचा तुकडा बाहेर टाकतं. तो तुकडा हे यंत्र ओळखतं. गोळी नुसती संडासात फेकली तर ती जशीच्या तशी येते, पोटातून गेली तर मोडून येते, म्हणजे थाप मारायला जागाच नाही. मी आता अख्ख्या गावाची लघवी वाचते, मामा. सोमवारी सकाळी कॉफी केवढी चढते ते मला कळतं. रविवारी डोकेदुखीची गोळी कुठल्या भागात जास्त जाते तेही.

आता खरी गोष्ट. गोदीच्या वस्तीवर नशेच्या संशयावरून महिन्याला तीन धाडी पडतात. तिथलं पाणी मी जीव मुठीत धरून तपासलं आणि निघालं काय, तर गावाच्या सरासरीइतकंच. मात्र तुमच्या टेकडीवरून जी वाहिनी उतरते, तिच्यात झोपेच्या गोळीचे तुकडे गावाच्या चौपट आहेत. चौपट. मी तीनदा तपासलं.

आमच्या संचालकबाई लगेच म्हणाल्या, "नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह. रुग्णालयातून गोळ्या पळवत असणार." अठ्ठावीस तारखेला आरोग्य समितीपुढे मी हे मांडायचं आहे. तू चाळीस वर्षं त्याच टेकडीवर औषधाचं दुकान चालवलंस. मुली काय काय मागायला यायच्या? आणि एक काम. वसतिगृहाच्या वरच्या अंगाला गटाराचं एक झाकण आहे, नकाशात ते तुमच्याच गल्लीत दाखवलंय. तिथलं पाणी वेगळं मिळालं तर शंकाच उरणार नाही. गेल्या आठवड्यात आमची माणसं येऊन शोधून गेली, त्यांना सापडलं नाही. तुला ठाऊक आहे?

मामीला सांग, तिने विणलेला स्वेटर यंत्राच्या थंड खोलीत रोज घालते.

तुझी भिंगरी

•

१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझ्या मामीने एकदा. चाळीस वर्षं मी लोकांच्या चिठ्ठ्या वाचत आलो, तू गटार वाचतेस. घराण्याने प्रगती केली म्हणायची.

मुलींचं मला फारसं आठवत नाही. खोकल्याचं औषध, मलमपट्टी, इतकंच. ते झाकण म्हणशील तर रस्ता दोनदा झालाय, केव्हाच गाडलं गेलं असेल. त्याच्या मागे लागू नकोस.

पण तुला कामाची अशी एक गोष्ट सांगतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारे मालक दुपारी गिऱ्हाईक नसलं की बोलायला बसत. त्यांच्या आजोबांच्या काळात दात येणाऱ्या बाळांना काळे थेंब देत. अफूचेच ते. साबणाच्या वड्यांशेजारी बाटली ठेवलेली असे. पोर शांत झोपे, आईला काम करता येई. थेंबांची सवय लागते हे कळलं तेव्हा अफूच्या अर्काची सुई आली. सुईची लागली, तेव्हा ती सोडवायला पांढरी पूड आली, खोकल्यावर रामबाण म्हणून. मालकांच्या तरुणपणी जाडी कमी करायच्या गोळ्या निघाल्या. घरच्या बायका त्या घेत आणि रात्रपाळीचे कामगारही घेत. त्या गोळ्यांनी झोप उडाली म्हणून झोपेच्या गोळ्या आल्या. पहिल्या झोपेच्या गोळ्यांनी माणसं दगावली म्हणून दुसऱ्या आल्या, 'निर्धोक' असा शिक्का मारून. त्या माझ्या काळातल्या.

म्हणजे बघ, प्रत्येक नवं औषध आधीच्याची खोड मोडायलाच आलं. आणि आलं ते नेहमी चांगल्या घरात, डॉक्टरांच्या अक्षरात. चांगल्या घरात असेपर्यंत त्याला सवय म्हणत. तेच झोपडीत गेलं की गुन्हा. मालक म्हणत, "बाटली तीच रे, फक्त दार बदललं."

वसतिगृहावर फार वेळ घालवू नकोस. तब्येत सांभाळ.

तुझा मामा

•

१५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू हे सगळं इतकी वर्षं पोटात घेऊन बसला होतास? तुझं पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. आमचा यंत्रवाला, जो चहा प्यायलाही खुर्चीवरून उठत नाही, तो उठून उभा राहिला. आम्ही भिंतीवर लांबलचक कागद लावलाय. डावीकडे काळे थेंब, उजवीकडे आजचं पाणी, आणि त्याच्याही उजवीकडे हातभर कोरी जागा. ती कोरी जागा बघून माझ्या अंगावर काटा येतो. आजवर प्रत्येक लाट माणसं बुडाल्यावर कळली. पाण्यात ती आधी दिसेल, मामा. कुणाचंही नाव न विचारता, कुणाच्या घरात न घुसता.

आणखी एक गंमत. मौजेसाठी घेतात ती औषधं शनिवारी चढतात नि मंगळवारपर्यंत उतरतात. टेकडीची झोपेची गोळी मात्र सातही दिवस सारखी, पट्टीने रेघ मारल्यासारखी. मुलींच्या कामाच्या पाळ्या फिरत्या असतात, म्हणून असेल. संचालकबाईंनाही ते पटलं.

आता जरा वाईट. बाईंनी वसतिगृहाला पत्र धाडलंय. सव्वीस तारखेला पोलीस प्रत्येक खोली उघडून बघणार. काही सापडलं तर अभ्यासक्रमच बंद करायचा विचार आहे. पत्र द्यायला मीच गेले होते. चाळीस मुली आहेत. एकीने दारातच मला विचारलं, "ताई, माझ्याकडे आईच्या फिटच्या गोळ्या आहेत, रविवारी घेऊन जायच्या होत्या. त्या आता कुठे ठेवू?" मी पत्र तिच्या हातात देऊन निघाले. पण आकडे खोटं बोलत नाहीत ना, मामा?

झाकणाचं जरा गल्लीत कुणाला तरी विचार.

भिंगरी

•

१८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

जानेवारीत वसतिगृह पंधरा दिवस बंद होतं. मुली आपापल्या घरी गेल्या होत्या. त्या पंधरा दिवसांतलं पाणी काय म्हणतं?

मामी बरी आहे.

मामा

•

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र सकाळी आलं आणि मी कोटसुद्धा न काढता शीतपेटीकडे धावले. प्रत्येक दिवसाची एक बाटली आम्ही जपून ठेवतो. जानेवारीच्या पंधरा बाटल्या काढल्या, आणि संध्याकाळी साडेपाचला शेवटचा आकडा आला.

काही फरक नाही. चाळीस मुली गावात नव्हत्या आणि रेघ जागची हलली नाही. उलट थंडीमुळे किंचित चढली. यंत्रवाला म्हणाला, "म्हणजे आपण भलत्याच दाराशी उभे होतो." मला हसूही आलं आणि शरमही वाटली. बाटल्या माझ्या उशापायथ्याशी होत्या आणि साधा सुट्टीचा प्रश्न मला सुचला नाही.

संचालकबाई अजून मानत नाहीत. म्हणतात, गोळ्या वसतिगृहात साठवून टेकडीवर विकत असतील. वरच्या झाकणातलं पाणी दाखव, मग तपासणी थांबवते. हातात सहा दिवस आहेत.

मामा, मुली नाहीत तर मग कोण? टेकडीवर उरलात तुम्हीच. निवृत्त मास्तर, बँकवाले, त्यांच्या बायका. आणि हा सुट्टीचा प्रश्न तुला कसा सुचला? तुला काहीतरी माहीत आहे असं मला पहिल्यांदाच वाटतंय. रागावू नकोस.

भिंगरी

•

२२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

रागावत नाही. जे सांगायचं ते सरळ सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी तुझ्या मामीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली. अकराव्या दिवशी तिला झोप आली नाही. दुकान आपलं, कपाट आपलं. मी गोळी आणून दिली. कोणता नवरा देणार नाही? पुढे ते डॉक्टर गाव सोडून गेले, चिठ्ठी संपली, गोळी चालू राहिली. मामीने मैत्रिणींना सांगितलं, त्या आल्या. कुणाचा मुलगा परदेशी गेलेला, कुणाचा नवरा वारलेला. प्रत्येकीला मी चिठ्ठी न मागता दिली, आणि त्यांनी मला देव मानलं. तीन वर्षांपूर्वी दुकान विकलं तेव्हा नव्या मालकाला सांगितलं, "ही घरं माझ्या विश्वासातली आहेत, यांना अडवू नका." सव्वीस घरं आहेत. तुझी पट्टीने मारलेली रेघ मी मारलेली आहे.

मालकांची गोष्ट तुला मोठ्या ऐटीत लिहिली खरी. लिहिताना एकदाही मनात आलं नाही की त्या यादीतला शेवटचा दुकानदार मीच. आलं ते तू त्या मुलीचं लिहिलंस तेव्हा. तुझं ते पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

झाकण गाडलं गेलेलं नाही. आमच्या फाटकाबाहेर सिमेंटची मोठी कुंडी आहे, तिच्याखाली आहे. तुझी माणसं शोधत होती तेव्हा मी खिडकीत उभा राहून बघत होतो. आज शेजारच्या मास्तरांना हाताशी धरून कुंडी सरकवली. माझी कंबर धरली आहे, पण झाकण मोकळं आहे.

तू बाटल्या घेऊन ये. समितीपुढे वाचायला माझा जबाब लिहून ठेवतो, सहीनिशी. मामीला सगळं सांगितलं. ती उठून पोळ्या लाटायला गेली.

मामा

•

१ मार्च

प्रिय मामा,

समिती झाली. तुला तासातासाचं सांगायला हवं.

चोवीस तारखेला तुमच्या फाटकाशी बसून आम्ही नमुना घेत होतो तेव्हा तू चहा आणून दिलास. पंचवीसला दुपारी आकडे आले. वसतिगृहाच्या वरच्या अंगालाच गोळी पुरेपूर आहे. वसतिगृहापाशी मिळणाऱ्या पाण्याने ती उलट पातळ होते. कागद आणि तुझा जबाब घेऊन मी बाईंच्या खोलीत न विचारता शिरले. त्यांनी पाच मिनिटं दोन्ही वाचले, मग पोलिसांना फोन करून म्हणाल्या, "उद्याचं रद्द. चूक आमची." मामा, ही बाई कठीण आहे, पण हे शेवटचे दोन शब्द म्हणायला तिने वेळ घेतला नाही.

वसतिगृहात सांगायला मी धावत गेले. फिटच्या गोळ्यांवाली मुलगी जिन्यातच बसली होती. तिने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता त्या टेकडीवरच्या लोकांच्या खोल्या उघडणार?"

तोच प्रश्न समितीत निघाला. मी तुझा जबाब वाचला. वाचून झाल्यावर एक सभासद म्हणाले, "अहो, पण ही सगळी सभ्य माणसं आहेत. त्यांच्यावर कारवाई कशी करणार?"

मी म्हटलं, "तीन दिवसांपूर्वी चाळीस मुलींवर करणार होतो."

मग दवाखान्याच्या डॉक्टरबाई बोलायला उठल्या. म्हणाल्या, "ज्या पाण्याने टेकडी दाखवली, त्यानेच गोदी बाकी गावापेक्षा वाईट नाही हेही दाखवलं. दोन्हीकडे पोलिसांऐवजी मला पाठवा." दोन तास वाद झाला. शेवटी ठरलं की सहा महिने पाण्याचे आकडे पोलिसांकडे न जाता दवाखान्याकडे जातील. सहाच महिने, पण ठरलं. मी घरी चालत नाही, उडत आले.

परवाना निरीक्षक तुझ्याकडे येतील. मला त्याचं वाईट वाटतं, आणि तू लिहिलंस याचा अभिमानही वाटतो. दोन्ही एकदम वाटतंय. मामी कशी आहे? तिने मला एकही ओळ लिहिली नाही.

भिंगरी

•

९ मार्च

प्रिय भिंगरी,

कळवायला उशीर झाला, कारण घरात रामायण झालं.

तू समितीत उभी होतीस त्याच दिवशी मामीने गोळी सोडली. मला न सांगता, एकदम. माझ्या जबाबात तिचं नाव होतं ते तिला लागलं होतं. पहिल्या रात्री जागी, दुसऱ्या रात्री जागी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे हात इतके थरथरत होते की कप धरवेना. मी म्हटलं, अर्धी तरी घे. ती म्हणाली, "अकरा वर्षं तू देतोयस आणि मी घेतेय. आता मी सांगेन कधी ते." आणि ओट्याशी उभ्या उभ्या खाली कोसळली. फिटचा झटका आला होता. मास्तरांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी आधी तिला सावरलं आणि मग मला बाजूला घेतलं. "तुम्ही औषधवाले ना? ही गोळी एका फटक्यात सोडायची नसते हे तुम्हाला माहीत नव्हतं?" माहीत होतं, भिंगरी. पुस्तकातलं माहीत होतं. शरमेने माझी मान वर होईना.

आता मामी घरी आहे. गोळी पुन्हा सुरू आहे, पण उतरती. दर काही आठवड्यांनी रतीभर कमी. किती कमी ते डॉक्टरबाई ठरवतात, आणि चुकवायचं नाही असा हुकूम आहे. ही बातमी गल्लीत पसरली आणि चार दिवसांपूर्वी दुपारी अकरा जणी आमच्या बैठकीत येऊन बसल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आम्हालाही उतरायचंय. पण जिना दाखवा, ढकलू नका."

डॉक्टरबाईंनी एकेकीला तपासून वेगवेगळं लिहून दिलं आहे. मी चष्मा लावून पात्याने गोळ्यांचे तुकडे करतो, त्या दिवसाच्या डब्यांत भरतात. कुणाचा तुकडा मोठा यावरून रोज भांडण. तुझी मामी आयुष्यभर गणित शिकवत आली, ती कुणाचं चालू देत नाही.

निरीक्षक येऊन गेले. माझा परवाना कायमचा रद्द, नव्या मालकाला ताकीद. भिंतीवरून चौकट उतरवताना वाईट वाटलं. पण निरीक्षक ज्या खुर्चीवर चढले ती मी स्वतःच धरून उभा होतो.

मामा

•

१४ ऑगस्ट

प्रिय मामा, प्रिय मामी,

बसून वाचा. टेकडीची रेघ निम्म्यावर आली.

दर आठवड्याला ती जराशी खाली येत होती, पण मी तुम्हाला कळवत नव्हते, दृष्ट लागेल म्हणून. काल यंत्रवाल्याने कागद हातात ठेवला आणि म्हणाला, "ही रेघ नाही, हा जिना आहे." मध्ये दोन ठिकाणी पुन्हा चढलेली दिसते. जूनच्या सुरुवातीला काय झालं होतं? कुणी वारलं का? मी नाव विचारत नाही, विचारायचं नाही हाच तर आमचा नियम. पण त्या आठवड्यात टेकडीवर कुणालातरी फार जड गेलं एवढं मला इथे बसून कळलं, आणि मी त्या दिवशी यंत्रापाशी उगाचच उभी राहिले.

गोदीच्या वस्तीत डॉक्टरबाईंनी दवाखान्याची खोली उघडली आहे. फिटच्या गोळ्यांवाली मुलगी तिथे शिकाऊ परिचारिका म्हणून बसते. पहिल्या महिन्यात चारच माणसं आली, आता रांग असते. समितीने मुदत दोन वर्षांनी वाढवली.

आणि आता जे सांगणार आहे त्याने मला चार दिवस जेवण गेलेलं नाही. नदीकाठच्या नव्या कचेऱ्यांच्या पाण्याच्या आलेखात एक अनोळखी टोक दिसतंय. बारीकसं, पण दर आठवड्याला वाढणारं. आमच्या यादीत ते नाही, कुठल्याच यादीत नाही. शोधून शोधून एका नव्या झोपेच्या थेंबांशी ते जुळलं. तीन महिन्यांपूर्वीच बाजारात आलेत. खोक्यावर छापलंय, 'सवय लागत नाही'. खरंही असेल. पण किती दिवस घेतल्यावर लागत नाही, हे कंपनीला मी पत्र लिहून विचारलं, तर उत्तर आलं की अभ्यास चालू आहे.

भिंतीवरच्या कागदाची कोरी जागा अशी डोळ्यांदेखत भरेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अजून कुणी आजारी नाही. अजून कुणी तक्रारही केलेली नाही. मला त्या कचेऱ्यांत जाऊन सांगायचंय, पण काय सांगू? मी पाणी वाचणारी. माझ्या तोंडून ते कोण ऐकेल?

भिंगरी

•

२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

मी मामी. आजवर तू तुझ्या मामाला लिहायचीस आणि मी वाचायचे. फेब्रुवारीत तुझा राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझं दुखणं गटारातून उपसून लोकांपुढे मांडलंस असं वाटलं. आता राग नाही.

जूनमध्ये मास्तर गेले. मास्तरीणबाईंनी आठ दिवस पुन्हा पुरी गोळी घेतली. नवव्या दिवशी त्या आपणहून डबा घेऊन आल्या, आणि आम्ही कुणी काही विचारलं नाही. डॉक्टरबाईंनी त्यांचा जिना दोन पायऱ्या मागून पुन्हा सुरू केला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्या मामाला लिहू दिलं नाही. काल आम्ही नऊ जणी त्या कचेऱ्यांत जाऊन आलो. डॉक्टरबाईंनी तिथल्या साहेबांशी बोलून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक कोपरा मिळवून दिला होता. उपाहारगृहात मोठाली काचेची भिंत आणि दोनशे पोरंपोरी. आमच्याकडे कुणी बघेना. नऊ म्हाताऱ्या पर्स मांडीवर घेऊन ओळीने बसलेल्या, त्यांना वाटलं असेल की आमची भिशीची जागा चुकली.

शेवटी मी उठले. वर्गात उभी राहायचे तशी उभी राहिले आणि म्हटलं, "मी अकरा वर्षं झोपेची गोळी घेतली. मला ती दहा दिवसांसाठी दिली होती. थेंब वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मला त्यातलं काही कळत नाही. दहा दिवसांची अकरा वर्षं कशी होतात, तेवढं मला माहीत आहे."

आवाज थांबले. कुणी हसलंही. मग खिडकीजवळची एक मुलगी ताट घेऊन आमच्या टेबलाशी आली. डोळ्यांखाली काळं, नखं कुरतडलेली. तिने पर्समधून ती छोटी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. अर्धी संपलेली.

तिने विचारलं, "तुम्हाला आता झोप लागते?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "चार तास लागते. पाचव्या तासाला जाग येते, आणि ती अजून काही केल्या जात नाही."

तिने खुर्ची ओढली, बसली आणि म्हणाली, "मग अकराव्या दिवसापासून सांगा."

मी सांगायला लागले. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा टेबलाभोवती सतरा जण होते, आणि उठलं कुणीच नाही.

तुझी मामी